आठला पाणी जातं

माझ्या आईनं बार्शीजवळच्या एका शाळेत सगळी नोकरी चौथीच्या वर्गावर काढली. "तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास द्वीपकल्प म्हणतात" हे वाक्य तिनं किती पोरांकडून घोकून घेतलं असेल, त्याला गणती नाही. मीही त्याच पोरांतली, आणि याच वाक्यासाठी छडी खाल्लेली. पण आईनं स्वतः द्वीपकल्प कधी पाहिलं नव्हतं. समुद्रसुद्धा नाही. सुट्टी लागली की कुणाचं तरी लग्न निघायचं, नाहीतर बाळंतपण, आणि तेही नसलं तर निवडणुकीची ड्यूटी.

मग तिला काचबिंदू निघाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला न घेता तिच्यासमोरच सगळं सांगितलं. मला ते आवडलं नाही, तिला आवडलं. दोन्ही कडांची नजर गेली आहे, आणि गेली ती परत येत नाही. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, आणि तेही किती दिवस, ते नक्की नाही. बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता आई म्हणाली, "मला एक द्वीपकल्प दाखव. पुस्तकातलं नको."

म्हणून आम्ही दोघी देवबागला गेलो. मालवणच्या खाली जमिनीची एक चिंचोळी पट्टी निघते ती एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी घेऊन चालत राहते, आणि टोकाशी दोघांचा संगम होतो. ओहोटीला त्या संगमात वाळूचा एक दांडा उघडा पडतो, थोडा वेळ राहतो आणि पुन्हा बुडतो. सगळ्यांत नवल विहिरींचं. दोन्हीकडं खारं पाणी आणि मधल्या वाळूतल्या विहिरीचं गोड. आईनं ओंजळीनं चाखलं, खात्री पटेना म्हणून पुन्हा चाखलं. "हे पुस्तकात नव्हतं," ती म्हणाली, जरा रागानंच.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई मोठ्या हौशी होत्या. त्या दांड्यावर न्यायच्या होडीचं त्यांनीच ठरवून दिलं होतं. संध्याकाळी त्या सांगून गेल्या, "उद्या सकाळी आठाक पाणी जातला, साडेधाक परत येतला. मधल्या वेळात काय ता करून घेवा."

आता आठला पाणी जाणार आणि साडेदहाला येणार, हे वाक्य किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही कळलं असतं. पण आम्ही सोलापूरच्या. आमच्याकडं नळाला दिवसांआड पाणी येतं, आणि ते दिवस किती हे कुणी विचारू नये. आमच्या गावात पाणी येतं आणि पाणी जातं याला एकच अर्थ आहे. पाण्याच्या दिवशी आम्ही पाहुण्यांना बोलवत नाही, आणि जवळच्या लग्नालासुद्धा घरात एक माणूस मागं ठेवून जातो. बाईंची पाठ वळली तशी आईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. बोलायची गरजच पडली नाही.

उजाडायच्या आत आम्ही उठलो. बादल्या भरल्या, टब भरला, बाटल्या, थर्मास, चटणीचा रिकामा झालेला डबा, सगळं भरलं. मग आईनं पडवीतला मोठा टोप दाखवला. तो बाईंचा होता. मी म्हटलं, "विचारून घेऊ."

"आठ वाजत आलं. इचारत कधी बसतीस? भर की."

मी एम.ए. आहे, कॉलेजात शिकवते, आणि मी तो टोप काठोकाठ भरला.

आठ वाजले, नळ चालूच होता. साडेआठलाही चालू. "हितला पाणी सोडणारा लई ढिला दिसतोय," आई म्हणाली, आणि लागल्या हाती तिनं धुणं काढलं. पाणी चालू असताना उठून फिरायला जायचं हे आम्हा दोघींनाही सुचणं शक्य नव्हतं. पाणी गेलं की निघू, असं आम्ही म्हणत होतो, आणि पाणी काही जाईना.

दहा वाजता बाई धावत आल्या. होडीवाला कधीचा खोळंबला होता. त्यांनी बादल्या पाहिल्या, टब पाहिला, आपला टोप पाहिला. "ह्या काय?"

"पाणी जाणार होतं ना आठला," मी म्हटलं.

बाई मटकन पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "समुद्राचा पाणी गो! नळाचा खंय जाता?"

मला हसू आलं नाही. संध्याकाळी आमची परतीची गाडी होती आणि दांडा बुडायला लागला होता. मी आईवर कडाडले. तुझ्या बादल्यांपायी सगळं घालवलंस, एवढ्या लांब काय धुणं धुवायला आलो होतो का, असं बरंच बोलले. टोप मी भरला होता हे त्या वेळी सोयीस्करपणे विसरले. आईनं ओले हात पदराला पुसले. "आजून समदं गेलं न्हाय. चल की," म्हणाली आणि माझ्यापुढं निघाली. दाराशी डाव्या हाताला ठेवलेल्या बादलीवर तिची नडगी आपटली. ती बादली मी तिथं ठेवली होती.

होडी पोचली तेव्हा दांड्याचा खाटेएवढा रुंद पट्टा उरला होता. "पाच मिनटा," होडीवाला म्हणाला. मी आईला धरून उतरवलं आणि घाईघाईनं दाखवायला लागले. ही बघ इकडं नदी, हा इकडं समुद्र, आणि हे टोक. आईनं मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं. उजवीकडचा समुद्र सापडेपर्यंत डावीकडची नदी हरवायची. रस्ता ओलांडताना बघतात तसं तिनं चार-पाच वेळा केलं, मग थांबली.

"तिन्ही बाजू एका वेळेला न्हाय दिसत गं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मला मात्र रडू आवरेना. आम्ही दोन तास नव्हे, वीस वर्षं उशिरा आलो होतो, आणि या वीस वर्षांत मी तिला कुठंही नेऊ शकले असते. "आई, मी फार उशीर केला," मी म्हटलं.

तिनं माझे दोन्ही खांदे धरले. मला जरा मागं सरकवलं, जरा बाजूला घेतलं, पुन्हा थोडं मागं. मग हात खाली सोडले आणि बघत राहिली.

"समुद्र लई मोठा हाय, मावत न्हाय," ती म्हणाली. "तू अख्खी मावतीस. थांब जरा अशीच."

होडीवाल्यानं दोनदा हाक मारली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. मी हलले नाही.