सगळ्या डब्यांचं तळातलं ऑइल

बायकोला नोकरीवर रुजू करायला न्यायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गाडीच्या इंजिनात गावभरच्या डब्यांच्या तळाशी उरलेलं ऑइल एकत्र करून ओतलं. कंपनी कोणती, घट्ट की पातळ, काही पाहिलं नाही. डबा दिसला की उपडा केला.

ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्ही मूल या गावी राहत होतो. एका राईस मिलवाल्याने टाकून द्यायला काढलेली दुधी रंगाची जुनी मोटार मी हौसेने घेतली होती. ती चालायची, पण पेट्रोलच्या जोडीने ऑइलही प्यायची. दर आठवड्याला तिला पाजावं लागे. म्हणून मी एक युक्ती काढली होती. मिलचं इंजिन, लाकूड कापायची आरामशीन, ट्रॅक्टर, जिथे जिथे ऑइल लागतं तिथे ओळख ठेवायची आणि डब्यांच्या तळाशी राहिलेलं मागून आणायचं. लोकही देत. माझ्या अंगणात डब्यांची रांग लागली होती. कोणी आलं की मी ती कौतुकाने दाखवायचो, जशी काही लोणच्याची बरणी.

बायकोला पार जंगलातल्या एटापल्लीच्या सरकारी दवाखान्यात नर्सची जागा मिळाली होती. इतकी वाट पाहून मिळाली होती की एटापल्ली म्हटल्यावर नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली तरी ती हसत होती. हजर व्हायची मुदत सोमवारी कचेरी बंद होईपर्यंत. सोमवार चुकला तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला.

ती म्हणाली, "अजी, आपन रविवारीच यष्टीनं निघू. आलापल्लीत मुक्काम करू."

"घरी गाडी असताना यष्टी?" मी म्हणालो. "सोमवारी पहाटे निघू. दुपारी जेवायला एटापल्लीत."

रविवारी संध्याकाळी मी ऑइल भरायला बसलो. थंडीचे दिवस. एक डबा पाणी तापवायच्या चुलीजवळ होता. डब्यावर मोटारीचं चित्र, आत ऑइल तुपासारखं थिजलेलं. मी खूश झालो. इतकं दाट म्हणजे भारी माल असणार! चुलीवर जरा शेकवून पातळ केलं, बाकीच्यांबरोबर बादलीत ओतलं, बॅटरी बसली की गाडी हाताने सुरू करायच्या लोखंडी हँडलने ढवळलं आणि इंजिनाला पाजलं. हँडल पुसून भिंतीला टेकवून ठेवलं.

पहाटे निघालो. पुढे मी आणि बायको, मागे सासूबाई. त्या आरमोरीजवळच्या खेड्यातून लेकीचा संसार मांडून द्यायला आल्या होत्या. त्यांच्या मांडीवर तांदळाची पिशवी, पायाशी सूप, टोपली, गाठोडं. सावली गेलं, गडचिरोली गेलं, गाडी कशी अगदी लोण्यातून सुरी चालावी तशी चालली होती. मी शीळ घालत होतो.

चामोर्शीला चहाला थांबलो. बांबूच्या ट्रकचा एक ड्रायव्हर शेजारी चहा पीत होता. त्याने गाडीकडे पाहिलं म्हणून मी कारण नसताना बोनेट उघडलं.

"कोन्तं ऑइल टाकता भाऊ?"

"सगळंच," मी ऐटीत म्हणालो. "मिक्स."

त्याची बशी ओठांपाशीच थांबली. "येगयेगळ्या कंपन्यायचं? एकत्र?"

"हो. का?"

"फाटते ना भाऊ ते! दुधात निंबू पिळल्यावानी. मंग इंजिन जाम. आलापल्लीच्या पुढं जाम झालं तं वाघच येऊन धक्का मारन तुमच्या गाडीले."

तो चहा संपवून निघून गेला. त्याच्या स्वतःच्या ट्रकचं कधी असं फाटलं का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या डोळ्यापुढे इंजिनात पनीर झालेलं दिसत होतं.

बायकोला सांगायची छाती नव्हती. तिने नवी कडक कांजीची साडी नेसली होती आणि ऑर्डर पर्समध्ये ठेवून पर्स दोन्ही हातांनी धरली होती. मी काय सांगणार? की तुझी नोकरी मी नासवून ठेवली आहे, आणि आता फक्त विरजण लागायची वाट आहे?

आष्टीच्या अलीकडे मी गाडी थांबवली.

"काय झालं?"

"काही नाई. रेडिएटर पाहतो."

ऑइल मोजायची काडी बाहेर काढली. ऑइल काळं, गुळगुळीत, गुठळी नाही. जरा पुढे गेल्यावर वाटलं, आता फाटलं असेल. पुन्हा थांबलो. पुन्हा रेडिएटर. त्या दिवशी मी त्या रेडिएटरची जेवढी काळजी घेतली तेवढी घरच्या कोणाची घेतली नसेल. दर थांब्याला बायको घड्याळ पाहायची आणि मी नजर चुकवायचो.

त्यात वास सुरू झाला.

"कुठी तरी कोनी वडे तळून राह्यलं," मागून सासूबाई म्हणाल्या.

"मामी, या सागाच्या जंगलात कोण वडे तळणार?"

"मंग वास कायचा?"

मला घाम फुटला. फाटायला लागलं होतं, दुसरं काय!

आलापल्ली मागे पडली. रस्त्याला चिटपाखरू नाही, दोन्हीकडे झाडं, आणि नाकात तो तळणीचा वास. मला राहवेना. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बंद काऊन केलं?" बायको म्हणाली. "आता वेळ किती झाला पाहा."

"थंड झाल्याशिवाय नीट कळत नाही."

थंड झालं. काडी काढली. ऑइल जसंच्या तसं. मी सुटकेचा श्वास घेऊन किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली. नुसता टक् असा आवाज. बॅटरी बसली होती.

"हँडल मारा," बायको म्हणाली.

"हँडल घरी आहे."

"घरी? गाडीचं हँडल घरी काऊन?"

"ऑइल ढवळलं ना त्याने." मग सगळंच बाहेर आलं. डबे, बादली, ड्रायव्हर, दुधात लिंबू.

तिने ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. ती ओरडली नाही. पर्स आईकडे दिली, कांजीच्या साडीचा पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. "बसा आत," म्हणाली. "माही नोकरी गेली नं, तं मी यष्टीनं परत जाईन. तुमी इथीच राहा, रेडिएटर पाहात."

दोघी मायलेकींनी ढकललं. गाडी हलली, पण चढावर थांबली. तेवढ्यात जळणाच्या मोळ्या घेऊन चार-सहा माणसं जंगलातून रस्त्यावर आली. बायाही होत्या. जोहार झाला. एका म्हाताऱ्याने मोळी उतरवली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बैल बसला का?"

"बसला बाबा," मी म्हणालो.

सगळ्यांनी हात लावले. चढ संपला, उतार लागला, मी गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने एक हिसका खाल्ला, धुराचा पांढरा लोट सोडला आणि सुरू झाली! त्या धुरात ती माणसं दिसेनाशी झाली. धूर विरला तेव्हा म्हातारा नाक वर करून वास घेत होता.

"मोहाच्या टोरीचं तेल खाते का तुमची गाडी?" तो म्हणाला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

टोरी म्हणजे मोहाची बी; तिच्या तेलात तिकडे वडेही तळतात. मीही हसलो, थट्टा समजून. सासूबाई हसल्या नाहीत. गाडी चालू लागल्यावर त्यांनी गाठोडं सोडलं, टोपली उपसली, पिशवीत हात घालून तळापर्यंत चाचपलं. मग माझ्या मानेकडे पाहत स्वस्थ बसल्या. मला ते आरशात दिसत होतं. पण पुढे एटापल्ली होती आणि मी आता देवाने हात दाखवला तरी थांबणार नव्हतो.

दवाखान्यासमोर गाडी उभी केली ती इंजिन चालू ठेवूनच. बायको धावत आत गेली. कचेरीच्या एका खिडकीची दारं कोणीतरी आतून लावून घेत होतं. त्यानंतर बराच वेळ काही दिसलं नाही. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. इंजिन घुरघुरत होतं, आणि मी मनात त्याला म्हणत होतो, आता फाट हवं तर.

ती बाहेर आली. साडीला धूळ, कपाळावर घाम, केस सुटलेले. पायरीवरूनच तिने मान हलवली. रुजू झाली होती. मी गाडीतून उतरलो. तीही हसली आणि मग, इतक्या वेळाने, मला मनसोक्त शिव्या दिल्या. कानाला एवढं गोड काही त्याआधी लागलं नव्हतं.

मी शेवटची एकदा काडी काढून पाहिली. गुठळी नाही, चोथा नाही. त्यानंतर ती गाडी माझ्याकडे असेपर्यंत मी तिला या कंपनीवर त्या कंपनीचं ऑइल पाजलं. तिला कधी कळलंही नाही. तो ड्रायव्हर नंतर कधी भेटला नाही, नाहीतर त्याला चहा पाजून चार शब्द ऐकवले असते. मात्र ते पहिलं मिश्रण मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. कारण सासूबाई उतरल्या, ओट्यावर बसल्या, चपला काढल्या आणि भेगा पडलेल्या टाचा चोळत शांतपणे म्हणाल्या, "जवाईबापू, चुलीपाशी माहा डबा होता. पायाले लावाचं टोरीचं तेल. धुतलेल्या ऑइलच्या डब्यात ठेवलं होतं."

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने आभाळाकडे पाहिलं.

"मामी, उद्याच बाजारातून आणून देतो."

"आना," त्या म्हणाल्या. "माह्या टाचा तं तेलानं भरून येतीन. तुमच्या डोक्याची भेग कायनं भरावी?"