दह्यातले गडी

लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "कपाट घ्यायचं का फ्रीज?"

मी म्हणाले, "मायक्रोस्कोप."

वडील एसटीत कंडक्टर होते. माणसं चित्रविचित्र सामान घेऊन गाडीत चढतात, हे बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. तरी त्यांनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. मग म्हणाले, "बरं. कुठं मिळतो?"

आमचं घर किकवीला, हायवेच्या अगदी कडेला. भोरच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. शेवटची परीक्षा झाली, प्रयोगशाळेचं दार बंद झालं आणि मला काहीतरी हरवल्यासारखं वाटायला लागलं. डोळा भिंगाला लावला की जे जग दिसायचं ते आता पुन्हा दिसणार नाही, एवढंच डोक्यात. म्हणून तो हट्ट.

सासर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. घरी गाई-म्हशी, थोडं भातखाचर, आणि माझ्या नवऱ्याचा दुधाचा टेम्पो. त्याच टेम्पोतून माझं सामान वर आलं. खोक्यातून मायक्रोस्कोप बाहेर काढला तशी सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"शिवणाची मिशीन हाय का गं ही? लई बारकी हाय."

"न्हाई आत्याबाई. डोळ्याला दिसत न्हाई ते ह्यातनं मोठं करून दिसतं."

"म्हंजे दुर्बीण."

दुर्बीण लांबचं दाखवते आणि हा जवळचं, हे मी सांगितलं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव दुर्बीणच पडलं. मी त्यावर फडकं घालून तो पडवीत ठेवून दिला. मला वेल्ह्याच्या शाळेत तासिकेवर शिकवायचं काम मिळालं होतं, सकाळची धावपळ असायची, आणि दुर्बिणीकडे घरातलं कुणी फिरकत नव्हतं.

भादव्यात एका रविवारी ऊन पडलं म्हणून मी तो अंगणात मांडला. गोठ्यामागं दगडी डोण आहे, जनावरं तिथं पाणी पितात. तिच्या कडेला हिरवं शेवाळ धरलं होतं. त्यातला एक धागा आणि थेंबभर पाणी काचेवर घेतलं. शेवाळाचा धागा भिंगाखाली इतका देखणा दिसतो की बघतच राहावं: काचेच्या नळीत हिरव्या फितीची वेटोळी घातलेली. हे शेवाळ झाडासारखं उन्हावर आपलं अन्न आपण बनवतं. मी त्यात रमलेली बघून आत्याबाई शेणाचे हात धुऊन आल्या.

"मला बी बघू दे."

एक डोळा कसा मिटायचा हे त्यांना जमेना, म्हणून मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर हात धरला. उजवा डोळा त्यांनी भिंगाला लावला. मग एकदम मागं सरकल्या.

"अगं, चालतंय की ते! चपलेगत हाय आन पळतंय!"

तो पॅरामेशियम होता. एकाच पेशीचा जीव. तोंड, पोट, हात, पाय, सगळं त्या एका पेशीतच. अंगाभोवती बारीक केसांची झालर, ती वल्ह्यासारखी मारत तो पोहतो. वाटेत काही आडवं आलं की मागं सरतो, तोंड वळवतो आणि पुन्हा निघतो. मी हे कौतुकानं सांगत होते. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक नव्हतं.

"आन हे आपुन पितो?"

"हे डोणीतलं पाणी आहे, आत्याबाई. आपल्या हंड्यातलं न्हाई."

"हंड्यातलं दाव."

हंड्यातल्या थेंबात काही पोहताना दिसलं नाही. पण मी खरं तेच सांगितलं. ही चप्पल आपल्याला काही करत नाही. हिच्या जातीतलेच काही, अमिबासारखे, पोटात गेले की आव पडते. ते एखाद्या थेंबात सापडले नाहीत म्हणजे पाण्यात नाहीतच असं नव्हे. पाणी खळखळून उकळलं की त्यांचं काही चालत नाही.

झालं. त्या दिवशी आत्याबाई फक्त चहा प्यायल्या. संध्याकाळपर्यंत वाडीभर बातमी गेली की नव्या सुनेच्या दुर्बिणीत पाण्यात चपला पळतात. दुसऱ्या दिवशी अंगणात बायकांची रांग. ज्या बघून जायच्या त्या घरी जाऊन चुलीवर पाणी ठेवायच्या. ओढ्याचं पाणी उकळून प्या, असं सरकारी दवाखान्याच्या माणसांनी वाडीला कितीदा सांगितलं होतं. ते काम एका चपलेनं केलं. मी खुशीत होते.

माझी खुशी फार टिकली नाही.

आत्याबाईंचं दही आमच्या भागात नावाजलेलं. कवडी पडलेलं, चमच्यानं कापावं असं. शिवऱ्याला हायवेवर एक हॉटेल आहे, तिथं ते मातीच्या मडक्यांतून रोज टेम्पोनं जायचं. एक दिवस त्या म्हणाल्या, "माझं दही लाव बघू दुर्बिणीला. चोख हाय त्ये, कळू दे समद्यांला." शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्याच होत्या.

मी दह्याचा ठिपका काचेवर पसरला, वाळवला, खालून काच आचेवर धरली, निळा रंग घातला, धुतला. बघते तर छान चित्र आलं होतं. निळ्या आखूड काड्या, आणि मधे मधे बारीक मण्यांच्या माळा. मी उत्साहानं त्यांना बोलावलं.

"ह्या काड्या आणि मणी म्हणजे जिवाणू," मी म्हणाले. "चपलेपेक्षा कितीतरी लहान."

आत्याबाईंनी बघितलं. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. शेजारणींसमोर त्यांच्या दह्यात किडे निघाले, एवढंच त्यांच्या लेखी झालं होतं. त्या उठून आत गेल्या. सकाळी नवरा मडकी उचलायला गेला तर त्या दारात उभ्या.

"न्हाई जायाचं आज दही. लोकांला किडं खाऊ घालू का म्या?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. "काय करून ठेवलंस?" त्यानं विचारलं आणि दूध तेवढं घेऊन गेला. मामंजी, माझे सासरे, दही-भाताशिवाय जेवत नाहीत; त्या दुपारी त्यांनी कोरडा भात चिवडला. मला रडू येत होतं. पाण्याबद्दल मी नीट समजावलं होतं. दह्याच्या वेळी चित्र चांगलं आलं या आनंदात, ते काय काम करतात हे सांगायचंच राहिलं होतं.

दुपारी भांडी घासताना मी विषय काढला.

"आत्याबाई, दुधात विरजण कधी घालता?"

"कोमट झालं की."

"कडक दुधात घातलं तर?"

"भाजतं की इरजण. दही लागत न्हाई मग." त्या वैतागून बोलल्या. त्यांचा हात घासणीवर थांबला.

"भाजतं म्हंजे... ते मरत्यात व्हय?"

"व्हय. त्या काड्या आन त्या माळा. विरजण म्हणजे तेच. दुधातली साखर खातात, आंबटपणा सोडतात, त्यानं दूध घट्ट होतं. थंडीत त्यांचं काम हळू चालतं, म्हणून तुम्ही मडकं घोंगडीत गुंडाळता. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि सकाळपर्यंत मडकं भरून जातं. ते नसते तर दही नसतं."

"आन पोटात गेल्यावर?"

"आपल्या पोटात आधीच अशांची मोठी वस्ती असते. सगळे जिवाणू वाईट नसतात, आत्याबाई. थोडेच."

त्यांनी पातेलं पालथं घातलं, पदराला हात पुसले आणि मडक्यावरचं झाकण काढून आत बघितलं, जणू आतून कुणी उत्तर देणार होतं.

"म्हंजे हे माझे गडी म्हणायचे," त्या म्हणाल्या. "रातभर राबणारे. आन म्या त्यांला किडं म्हणलं."

दुसऱ्या दिवशी दही शिवऱ्याला गेलं. हॉटेलवाल्यानं आदल्या दिवशी का आलं नाही म्हणून विचारलं, तर माझा नवरा म्हणाला, "गड्यांची सुट्टी होती."

त्यानंतर आत्याबाईंना दुर्बिणीचं वेडच लागलं. मी शाळेतून आले की पडवीत काहीतरी माझी वाट बघत असायचं. शिळ्या भाकरीवर आलेली बुरशी त्यांनी जपून ठेवलेली: पांढऱ्या दोऱ्यांचं रान, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला काळं बोंड. ते बोंड फुटून बीजाणू उडतात, हवेतून दुसऱ्या भाकरीवर पडतात, हे कळल्यावर भाकरीचं टोपलं कोरडं आणि झाकलेलं राहू लागलं. हॉटेलवाल्याकडून त्यांनी आंबलेलं इडलीचं पीठ वाटीभर मागवलं. त्यात दह्यातल्यासारखे जिवाणू होतेच; पण यीस्टही होतं, गोल गोल पेशी, आणि एकीच्या अंगाला चिकटलेली तिची बारकी पोर. यीस्ट ही बुरशीचीच जात, पण दोरे न काढणारी. "कडेवर घेतलंय लेकराला," आत्याबाई म्हणाल्या, आणि मामंजींना हाक मारून ते दाखवलं. मामंजींनी बघितलं आणि विचारलं, "ह्यातलं खायाचं कुठलं आन फेकायचं कुठलं, तेवढं सांगा." गोबरगॅसच्या टाकीतही हवेशिवाय जगणारे जीव असतात आणि गॅसच्या शेगडीवरची निळी ज्योत त्यांच्याच मेहनतीची, हे ऐकल्यावर मात्र तेही थोडे चकित झाले.

मग आमची तांबडी गाय आजारी पडली.

आधी ताप. वैरणीला तोंड लावेना. दुसऱ्या दिवशी मानेवर आणि पोटावर गाठी उठल्या, सुपारीएवढ्या. लम्पी. खालच्या गावांत आला होता हे ऐकून होतो, आता तो आमच्या गोठ्यात होता. जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. गायीला वेगळं बांधायला सांगितलं, कारण चावणाऱ्या माशा, डास आणि गोचिडी हा आजार पसरवतात. तापाचं औषध दिलं.

डॉक्टर गेल्यावर आत्याबाई मला म्हणाल्या, "आण ती दुर्बीण. मला बघायचाय त्यो."

"तो ह्यात दिसत न्हाई, आत्याबाई."

"का न्हाई? दह्यातलं दिसलं."

"तो त्यांच्यापेक्षाही फार फार लहान आहे. विषाणू म्हणतात त्याला. त्याला धड पेशीसुद्धा नसते. खात न्हाई, वाढत न्हाई. बाहेर नुसता धुळीच्या कणागत पडून असतो. गायीच्या पेशीत शिरला की तिच्याकडूनच आपल्यासारखे आणखी करवून घेतो."

"म्हंजे जित्ता हाय का मेल्याला?"

"शिकलेल्या माणसांचंही त्यावर एकमत न्हाई."

त्या गायीच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. दिसणाऱ्या शत्रूशी त्या भांडल्या असत्या. काही गाठी फुटल्या तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. आत्याबाईंनी विचारलं, "ह्यानं त्यो मरंल?" डॉक्टर म्हणाले, "न्हाई आजी, विषाणूवर हे चालत न्हाई. जखमेत जिवाणू शिरू नयेत म्हणून देतोय. विषाणूशी गायच लढणार. तिला ताकद द्या."

मग आत्याबाईंनी तेच केलं. नाचणीची पातळ आंबील ओंजळीनं तिच्या तोंडात घालायची, कडुनिंबाचा धूर करायचा, जखमा धुवायच्या. मी शाळेतून आले की त्यांना उठवून मी बसायचे. एका सकाळी गायीनं त्यांच्या हातातलं हिरवं गवत आपणहून ओढलं. आत्याबाई ओरडल्याच, "खाल्लं! अगं, खाल्लं तिनं!" आणि मामंजी धोतराचा सोगा सावरत धावत आले.

त्याच आठवड्यात डॉक्टर बाकीच्या जनावरांना लस द्यायला वाडीत आले. देवळापुढं माणसं जमली, पण जनावर कुणी पुढं आणेना. लस शेळ्यांच्या देवी रोगाची आहे हे कुणीतरी ऐकलं होतं. "शेरडाची लस गायीला कशापायी?" एक म्हातारे बोलले. "दूध आटलं तर? आन त्यो रोग कुणी बघितलाय डोळ्यानं?"

मी समजावू लागले की दोन्ही विषाणू एकाच कुळातले, एकाची ओळख पटली की शरीर दुसऱ्यालाही अडवतं. माझं कुणी ऐकत होतं असं वाटलं नाही. तेवढ्यात आत्याबाई पुढं झाल्या.

"म्या बघितलाय का? न्हाई बघितला. सुनंच्या दुर्बिणीत बी येत न्हाई त्यो. पण माझ्या गायीच्या अंगावर त्यानं काय केलं ते ह्या हातानं धुतलंय म्या. तुमाला बघायचं आसंल तर चला गोठ्यात. न्हाईतर जनावरं आणा."

आणि त्यांनी आमच्या धडधाकट गाईंची दावी सोडून सगळ्यांच्या आधी पुढं आणली. म्हातारे काठी टेकत घराकडे वळले. परत आले ते बैलजोडी घेऊन. दुपारपर्यंत देवळापुढं हंबरण्याचा नुसता गलका चालला होता. एका खोंडानं डॉक्टरांची पिशवी तुडवली, आणि त्यांनी हसत हसत ती झटकली.

त्या वर्षी वाडीत आणखी एक-दोन जनावरांना गाठी आल्या, पण दगावलं एकही नाही. तांबडीच्या मानेवर मात्र खुणा राहिल्या.

माघात ती व्याली. कालवड झाली, आईसारखीच तांबडी. आत्याबाईंनी चिकाचा खरवस केला, त्यात वेलची आणि गूळ घातला, आणि वाडीत घरोघर वाटला. डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी वर आले होते. त्यांना पडवीत बसवून ताटली पुढं ठेवली. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आजी, एवढ्यावर भागवू नका."

"खावा की," आत्याबाई म्हणाल्या आणि आत पातेलं आणायला गेल्या.