घाणीच्या दांड्याला आवतन

अंदमानला लोक हनिमूनला जातात. आम्ही गेलो जेवणाचं आवतन द्यायला. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. पोळ्याच्या आधी सौंसरहून मोठेबाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, फोन आला. "पोरी, तिकिटं काढ. मी ऐंशीचा होऊन राहिलो. माह्या मागं त्याले कोण बोलावन?"

'तो' म्हणजे त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ, गणपत. इंग्रजांविरुद्धच्या कटात पकडला गेला आणि काळ्या पाण्यावर गेला. सुटून आलेल्या एका कैद्यानं एवढंच सांगितलं, की त्याला खोबरेलाच्या घाणीला बैलासारखं जुंपलंय. पुढे काहीच कळलं नाही. मेल्याची खबर नाही, म्हणून पितरांत त्याचं पान नाही. तेव्हापासून आमच्या घरात खोबरेलाचा थेंबही येत नाही.

सौंसरहून बसनं नागपूर, पुढे चेन्नईला विमान बदलायचं. जेल सोमवारी बंद असतं, ते बघूनच तारीख धरा. पावसाळ्यात खोल्या स्वस्त, पण बोटी रद्द होतात. आम्हाला बोटीशी काय घेणं! मी मासळी-भातावर ताव मारला, मोठेबाबा घरच्या दशम्यांवरच राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी जेलमध्ये शिरलो. पावसाची झड लागली होती. गाईड सांगत होता, तेल कमी भरलं की फटके, शेजारच्याशी बोललं की बेड्या. घाणीपाशी मोठेबाबांनी हळद-लोण्याची डबी काढली. आमच्याकडे या दिवशी बैलांचे खांदे मळतात. ते घाणीचा, कैद्यांच्या खांद्यावर यायचा तो दांडा मळू लागले.

"बाबा, हाथ मत लगाइए," रखवालदार म्हणाला.

"बेटा, कंधा दुखता होगा उसका."

रखवालदार दोन पावलं मागे सरला. मग बैलांना म्हणतात तसंच मोठेबाबा दांड्याला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्याकडे वळले. "हात लावून पाह्य. गरम आहे."

मी हसण्यावारी नेणार होते. पण दोन दिवस ऊन नसताना ते लाकूड नुकतं जू उतरवलेल्या खांद्यासारखं कोमट होतं. मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं निघून दिवेलागणीला सौंसर गाठलं. वहिनीनं, म्हणजे मोठेबाबांच्या सुनेनं, बैल ओवाळले, पुरणपोळी वाढली. मोठेबाबांनी दाराशी एक जास्तीचं ताट मांडायला लावलं. बैल घास सोडून उंबऱ्याकडे बघत राहिले.

"खोबरेलाचा वास कुठून येऊन राहिला?" वहिनी म्हणाली. "कोणं लावलं डोक्याले?"

कोणीच लावलं नव्हतं. मोठेबाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हात धुवाले पाणी दे त्याले," ते म्हणाले.

यंदा सर्वपित्रीला गणपतचं पान पहिल्यांदा मांडलं. मोठेबाबा आता निवांत झोपतात. म्हणाले, खोबरेल आणा बिनधास्त. मी बाटली आणली आहे, पण झाकण उघडायचा धीर अजून होत नाही.