ओलीस ठेवलेला वारेचा तुकडा

सिस्टर नोमालिझोबरोबर मी एकोणीस वर्षं काम केलं आणि त्यातली निदान पंधरा तिच्यावर वैतागण्यात गेली. दक्षिण आफ्रिकेत, म्थाथा शहराच्या रस्त्यावरच्या आमच्या दवाखान्यात ती बाळंतपणं करायची आणि मी कारकून. बाळंतिणींची नावं, पोरांची वजनं, तपासण्यांचे निकाल, सगळं माझ्या हातानं रजिस्टरात जायचं. शहरातल्या विद्यापीठानं एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या बायांच्या वारेचा अभ्यास काढला, तेव्हा तेही काम हिनं कुणी न सांगता अंगावर घेतलं. मूल झालं, वार पडली की अर्ध्या तासात काडेपेटीएवढा तुकडा कापून बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि उरलेली वार स्वच्छ कपड्यात गुंडाळून घरच्यांच्या हाती द्यायची.

आमच्याकडे वार घराच्या आवारात पुरतात. जिथं ती पुरली तिथलं ते माणूस, मग ते खाणीत मरो नाहीतर केपटाउनला बंगला बांधो. विद्यापीठानं एकदा पत्र धाडलं की तुकडा नको, अख्खी वार पाठवा. सिस्टरनं त्याच पत्राच्या पाठीवर ‘नाही’ असं लिहिलं आणि परत पाठवलं. लिहायला पेन माझं घेतलं, ते काही परत आलं नाही.

बुलेल्वा या अभ्यासात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला एचआयव्ही जन्मतःच आईकडून आलेला. तेव्हा आमच्याकडे गोळ्याच नव्हत्या. ही पोरगी मात्र गोळी कधी चुकवायची नाही. नवरा खाणीत होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं. सासूला, म्हणजे मादलोमोला, काहीच कळू द्यायचं नाही, असं तिनं सिस्टरकडून वचन घेतलं होतं. मुलगी झाली, तपासणीत निगेटिव्ह निघाली. मी खुशीत रजिस्टर उघडलं तर सिस्टर माझ्यावरच डाफरली.

“निगेटिव्ह लिहिलं की तुमचं सगळ्यांचं काम संपलं,” ती म्हणाली. “मागच्या हिवाळ्यात डांग्या खोकल्यानं दोन पोरं गेली, ती कोण होती?”

ती दोन्ही अशाच आयांची, पण निगेटिव्हच होती. मीच लिहिलं होतं. तिचं पुढचं भाषण मला तोंडपाठ होतं. गोळ्यांमुळे विषाणू बाळापर्यंत पोचला नाही, हे खरं. पण अशा आईची वार म्हणजे सतत धुसफूस चाललेलं घर. गोवर, डांग्या खोकला यांच्याशी लढायची जी शिदोरी आई पोटातच बाळाला बांधून देते, ती अशा घरातून पुष्कळदा कमीच निघते. म्हणून अशा पोराला लस वेळच्या वेळी हवी आणि खोकला झाला तर त्याच दिवशी दवाखाना हवा. हे सगळं बरोबर, पण मादलोमोला सांगणार कोण आणि कसं? थोरल्या नातवाचा दंड सुईनं सुजला होता, तेव्हापासून तिनं लसीचं नाव टाकलं होतं. सुनेला तर तिला विचारल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. आणि खरं कारण सांगितलं की बुलेल्वाचं गाठोडं रस्त्यावर आलंच म्हणून समजा.

त्याच दुपारी मादलोमो पांढरं घमेलं घेऊन वार न्यायला आली. तिनं कपडा सोडून वार नीट पाहिली. कापलेली कड दिसली तसं तिनं विचारलं, “ही कुणी कुरतडली?”

बुलेल्वानं कागदावर सही केली होती, पण सासूपुढं तिची मान काही वर होईना. मला वाटलं, सिस्टर आता समजुतीनं काहीतरी बोलेल. कसलं काय.

“तुकडा आमच्याकडे आहे,” ती म्हणाली. “मुलीला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सुईला आणा. चौदाव्याला तो परत मिळेल.”

असा नियम ना सरकारचा होता ना विद्यापीठाचा. मादलोमोनं आधी सिस्टरचा आणि मग, कारण नसताना, माझा उद्धार केला. पण अर्धीमुर्धी पुरलेली वार तिला सोसणार नव्हती. सहाव्या आठवड्याला ती नातीला पाठीशी बांधून, शिव्या घालत आली. दहाव्यालाही आली. दोन्ही वेळा तिनं दवाखान्याचा फ्रीझर उघडायला लावून तुकड्याची बाटली डोळ्यांनी पाहिली. विद्यापीठाच्या तुकड्याखेरीज, नियम मोडून, हा जास्तीचा तुकडा बाळंतपणातच कापून ठेवणारी सिस्टर शेजारी साळसूदपणे उभी. पकडली गेली असती तर नोकरी गेली असती, पण हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तेराव्या आठवड्यात वीज गेली. दोन दिवस आलीच नाही, जनरेटरला डिझेल नव्हतं. विद्यापीठाची माणसं आली, फ्रीझरमधलं सगळं सडकं म्हणून त्यांनी भट्टीत जाळलं, कागदावर माझी सही घेतली आणि गेली. मी सिस्टरला म्हटलं, कालच्या बाळंतिणीच्या वारेतला तुकडा दे बाटलीत घालून, म्हातारीला काय कळतंय. ती माझ्याकडे असं बघत राहिली की मीच बाहेर गेले.

चौदाव्या आठवड्याला मादलोमो आली. हातात पत्र्याचा डबा, आत धुतलेलं फडकं. सिस्टरनं आधी मुलीला सुई दिली आणि मग खरं सांगितलं. एवढा धूर्तपणा तिच्यात आहे हे पाहून मला बरंच वाटलं.

मादलोमो ओरडेल म्हणून मी दार लावून घेतलं होतं. ती ओरडली नाही. राख कुठं टाकली, एवढंच तिनं विचारलं. मी तिला भट्टीमागच्या खड्ड्यापाशी नेलं. तिथं उभं राहून तिनं पूर्वजांना नातीचं कूळ सांगितलं, पिढ्यान्पिढ्यांची नावं घेत, आणि मी काम सोडून तिष्ठत राहिले. मग डब्याचं झाकण लावून ती मला म्हणाली, “म्हणजे हिचं अर्धं घर आता इथं झालं.”

मला वाटलं, टोमणा मारला. जुलैत, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, डांग्या खोकला पुन्हा आमच्या टेकडीवरच्या वस्तीत आला. एका पहाटे, दार उघडायच्या आधीच, मादलोमो कुणाच्या तरी पिकअपमधून उतरली. मुलीला आदल्या संध्याकाळपासून खोकला होता, एवढंच. दाराशी पंधरा माणसं होती. मी सवयीनं म्हटलं, “नंबर घ्या आणि रांगेत बसा.”

“आपल्याच घरात शिरायला रांग कसली लावतेस?” असं म्हणत ती मला बाजूला सारून थेट सिस्टरच्या खोलीत गेली.

मुलीला चार दिवस ऑक्सिजन लागला. पाचव्या दिवशी ती आजीच्या पाठीवर घरी गेली. त्या हिवाळ्यात मला रजिस्टरात एकाही पोराच्या नावावर काट मारावी लागली नाही.