उकिरड्यावरचा हरीक

कोंबडा आरवायच्या आत पालीची बाळाबाई दळण संपवून जात्यावरून उठलेली असे. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सासू ठकुबाई, दोघीच.

एकोणीसशे अडतीसच्या दिवाळीत उतारावरचा हरीक, गरिबाचं भरड धान्य, कापणीला आला आणि चार दिवस पाऊस लागला. असा भिजलेला हरीक माजरा होतो. खाणाऱ्याला भोवळ येते, तो बरळतो, म्हातारं माणूस दगावतं. शेणाच्या पाण्यात भिजवला की माज मरतो, असं जुनी माणसं म्हणत. पण बाळाबाईनं तसा भिजवलेला हरीक खाऊन पडलेला बैल पाहिला होता.

पौषात ती दरसालसारखी भोरला रघुवीर मास्तरांकडे धान्य पाखडायला निघाली. काम आठ दिवसांचं, मजुरी तांदळात. निघताना तिनं हरकाची टोपली उकिरड्यावर उपडी केली.

"मास्तराची अक्कल घिऊन आलीस व्हय?" ठकुबाई म्हणाली.

घरात नाचणीचं पीठ पाच दिवसांचं होतं. कमी पडलं तर शेजारच्या रतनबाईकडून घ्या, असं सून बजावून गेली.

भोरला मास्तरांच्या ओसरीवर तिचं सूप दिवसभर चाले. सांडलेला दाणा ती वेचून घेई. मास्तरांनी तिला एकदा सांगितलं, की विवेक या शब्दाच्या मुळाशी 'विच्' हा धातू आहे. त्याचा अर्थ वेगळं करणं. शहाणपण वगैरे अर्थ त्याला मागून आला. "म्हणजे तुझंच काम, बाळाबाई."

सूप थांबवून ती म्हणाली, "भूस हलकं म्हणून उडतं, मास्तर. माजरा दाना चांगल्याएवढाच जड. त्यो कसा येगळा करायचा?"

मास्तरांनी विचार केला. मग सगळंच टाकावं लागेल, म्हणाले.

"टाकलं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.

नवव्या दिवशी डोक्यावर तांदूळ घेऊन ती खिंड उतरली, तेव्हा दारात माणसं जमली होती. पीठ संपल्यावर ठकुबाईनं कुणाकडे मागितलं नव्हतं. उकिरडा उकरून हरीक काढला, तीनदा धुतला, पाखडला, शिजवला. रतनबाईनं हटकलं, तर म्हणाली होती, "पाच दिस शेनात व्हता. माज मेला आसंल." मग दोन दिवस बरळली. त्यात सुनेला हाका मारीत होती. पहाटे गेली.

बाळाबाईनं उकिरड्यातला उरलेला हरीक गोळा करून जाळला. एकेक दाणा वेचला. रतनबाईला एवढंच म्हणाली, "म्या काम अर्धं टाकून गेले, बाई."

आठ दिवसांच्या मजुरीचे तांदूळ तेराव्याला भावकीसाठी शिजले.