बिनवायरचं दावं

माझ्या जुन्या हेडसेटला वायर होती तोवर मी घरात राहूनही ऑफिसात असायचे. हे मला कळलं ते वायर गेल्यावर.

आधी काम सांगते. मेडिकलच्या दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीत मी सपोर्टला आहे. दुकानदाराचा फोन येतो, मी त्याच्या कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे घेते आणि त्याचं अडलेलं बिल मोकळं करून देते. पूर्वी कॉलेज रोडला आमचं रीतसर ऑफिस होतं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी गेलो, कामं घरूनही होतात हे मालकांच्या लक्षात आलं, आणि ऑफिसच गेलं. तेव्हापासून सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमधली बेडरूमची खिडकी आणि तिच्यापुढचं टेबल, एवढं माझं ऑफिस. नवरा अंबडला कंपनीत, शिफ्टवर. सासरे मनमाडला रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर दोघं आमच्याकडे राहायला आले. सासूबाईंचं माहेर नांदगावकडचं. स्वभावाने वाईट म्हणता येणार नाहीत, पण रिकामा माणूस त्यांना बघवत नाही. आणि खुर्चीवर बसलेला माणूस त्यांच्या लेखी रिकामाच.

वायरचा उपयोग तिथे होता. त्या दारात येऊन काही सांगायला लागल्या की मी कानाला लागून टेबलामागे गेलेली वायर त्यांना दाखवायची. तोंडाने काही बोलायची गरज नसे. बाई बांधलेली आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसायचं. मग त्या "बरं, सुटल्यावर ये," असं म्हणून निघून जायच्या. कधी कधी कॉल नसतानाही मी हेडसेट काढत नसे, हेही सांगून टाकते.

मग ती वायर मानेपाशी तुटली. डाव्या कानात आवाज येईना, आणि वायर बोटाने धरून ठेवली तरच उजव्यात येई. मी एम. जी. रोडच्या मोबाईलच्या दुकानांत गेले. तिथल्या माणसाने वायरचा सेट मागितल्याबरोबर मला म्हातारीत काढलं. मॅडम, आता वायर कोण घेतं? त्याने आधी कानात घालायची बोंडं दाखवली. ती माझ्या कानात टिकेनात, मान वळवली की एक काउंटरवर. गळ्यात अडकवायचा नेकबँड दाखवला, पण त्याचा माइक छातीशी; ओढणी घासली की समोरच्याला वादळ सुटल्यासारखं ऐकू जाणार. शेवटी डोक्यावरून घालायचा, तोंडापुढे दांडीला माइक असलेला सेट मी पसंत केला. फोनला आणि कॉम्प्युटरला एकाच वेळी जोडता येतो, म्हणाला. कॉम्प्युटर जुना असेल तर ही एवढीशी पिन मागे लावायची. आणि माइक असा की मागे बँड वाजला तरी पलीकडे फक्त तुमचा आवाज. मी तर खूशच झाले. कुकरच्या शिट्ट्यांनी मला आजवर कितीदा खाली मान घालायला लावली होती. मैत्रिणीला फोन लावून कुकरशेजारी उभी राहिले, तर ती म्हणाली, अगं, तू देवळात आहेस का, एवढं शांत?

पहिल्या दिवशी मी कॉल घेत घेत बाल्कनीपर्यंत गेले. खाली भाजीवाल्याची गाडी होती, समोरच्या गच्चीवर कुणी गाद्या झोडपत होतं, आणि मी अकोल्याच्या दुकानदाराला जीएसटी समजावत कुंडीतली सुकलेली पानं काढत होते. किती वर्षांनी मोकळं वाटलं. ते मोकळेपण सासूबाईंनी पाहिलं.

आधी नुसतं पाणी मागितलं. मग मेथीची जुडी आली, कारण मेथी निवडायला तोंड लागत नाही. मग मीटिंग ऐकता ऐकता कणीक. सोमवारची मीटिंग लांबलचक असते, त्यात विक्रीचे आकडेच आकडे, आपण माइक बंद ठेवून ऐकायचं. त्या आकड्यांवर मी पोळ्या लाटायला लागले. वायर दाखवायची सोय राहिली नव्हती. मी हेडसेटकडे बोट केलं तर त्या म्हणत, हो हो, चालू दे तुझं, पण हाताला काय झालंय? खरंच काही झालं नव्हतं.

घरात आवाज कुठवर पोचतो ते मला पाठ झालं. स्वयंपाकघर, बाल्कनी, देवघर, सगळीकडे स्वच्छ. लिफ्टपाशी मात्र आवाज तुटायला लागे आणि कानात एक बाई थंडपणे सांगे, डिस्कनेक्टेड. जनावराला दावं लांब दिलं की ते जास्त चरतं, पण खुंटा तोच. दुपारी माहेरहून आईचा फोन आला तर तो दुकानदाराचा कॉल चालू असतानाच कानात टुंगटुंग करी, कारण फोनही त्याच सेटला जोडलेला. टेबलावरचा माउस हलला नाही की कंपनीच्या पडद्यावर माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होई, म्हणून हात पुसत पुन्हा टेबलापाशी पळायचं. एका कानात कंपनी, दुसऱ्यात घर, आणि मधे मी. जितका चांगला माइक मी घेतला होता तितकं माझं घर कंपनीला दिसेनासं झालं, आणि कंपनी घराला. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

त्यातच मुंबई नाक्याजवळ कंपनीने एक खोली घेतल्याची बातमी आली. नव्या मुलींना शिकवायला एका जुन्या बाईने आठवड्यातून तीन दिवस तिथे जायचं. पगारात फरक नव्हता. पण मला ती जागा हवी होती, इतकी की मी स्वप्नात बस पकडायला लागले. ड्रेस इस्त्री करायचा, डबा घ्यायचा, दाराबाहेर पडून लिफ्टने खाली जायचं आणि संध्याकाळपर्यंत या घरात कुणी हाक मारली तर ती मला ऐकू येऊ नये. आमचं सपोर्टचं काम बघणाऱ्या सरांना मी आधी फोनवर तसं सुचवलं होतं. ते म्हणाले, सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारतो, तेव्हा हो म्हणा, म्हणजे मागून कुरकुर नको. घरात मी कुणाला बोलले नाही. ठरल्यावर सांगू, म्हटलं. आधी सांगितलं तर चर्चेतच जीव जातो.

त्या सोमवारी कुरडयांचा चीक तयार होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक, तो थांबत नाही, आंबट होतो. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं, गच्चीवर चादरी अंथरून झालेल्या. एकीने ओतायचं आणि दुसरीने ढवळायचं, दोघींशिवाय हे काम होत नाही. ढवळणारीने हात थांबवायचा नाही, थांबवला की गुठळ्या. सासूबाई म्हणाल्या, तुझी ती ऐकायची मीटिंग हाय ना, मग ये जरा. मीही हिशेब केला की आधी आकडे होतील, माझं शेवटी निघेल, तोवर चीक शिजून उतरेल. माइक बंद केला, लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उभी राहिले.

चीक घट्ट व्हायला लागला तेव्हाच कानात सर म्हणाले, आज आकडे नंतर घेऊ, आधी ट्रेनिंगचं ठरवून टाकू.

"मॅडम, तुम्ही येणार ना मुंबई नाक्याला?"

मी सासूबाईंना थांबा म्हटलं. त्या ओतत होत्या, त्यांना चीक दिसत होता. म्हणाल्या, हालव, हालव, थांबू नको. सरांनी पुन्हा विचारलं. मॅडम आहात का? सगळे गप्प. त्या शांततेत मी आहे, हे फक्त मला माहीत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी आजवर म्हणीतच ऐकला होता. आणि मग एक सहकारी बोलली. बिचारी माझ्या काळजीनेच बोलली, तिचा आवाज अजून कानात आहे.

"सर, त्यांना घरचं असतं खूप. त्यांना नाही जमायचं बहुतेक."

मी दांडा सोडला आणि कानावरचं बटण दाबलं. एकदा दाबलं की माइक चालू, दाबून धरलं की सेटच बंद. बोटाला चीक होता, अंगठा चिकटला. कानातली बाई म्हणाली, पॉवर ऑफ.

पुन्हा चालू केला तर तो आधी फोनला जोडला गेला, कॉम्प्युटरला नाही. मी बेडरूमकडे धावले. टेबलाला गुडघा आपटला. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून माझ्या बऱ्याच नंतर लागलेली एक हसरी मुलगी म्हणत होती, थँक यू सर, मी नक्की प्रयत्न करीन. मी माइक चालू करून हॅलो म्हटलं तेव्हा सरांनी विक्रीचे आकडे काढले होते. मॅडम, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता का, असं त्यांनी मायेने विचारलं. मी हो म्हणाले.

स्वयंपाकघरात परत आले तर चिकात गुठळ्या झाल्या होत्या. सोऱ्याची भोकं बुजत होती, कुरडया तुटक पडत होत्या. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. सासूबाईंनी माझा चेहरा बघून विचारलं, कोण वारलं का? मी नाही म्हणाले आणि सोऱ्या फिरवायला घेतला. दिवसभर आम्ही दोघींनी गच्चीवर कुरडया घातल्या.

पुढच्या आठवड्यात मी त्याच दुकानात गेले आणि वायरचा सेट द्या म्हटलं. त्याने खालच्या खणातून धूळ झटकून काढला. लांब वायरचा हवा का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आखूड द्या.

सासूबाई दारात आल्या तेव्हा मी तो लावून बसले होते. त्यांनी वायर पाहिली, टेबलामागे कुठे गेली तेही पाहिलं. एवढा महागाचा चांगला असताना पुन्हा दोरीवाला कशाला आणला, म्हणाल्या. कॉल नव्हता. मी सेट काढून ठेवला आणि सगळं सांगितलं. मुंबई नाका, सरांचा प्रश्न, बटण, चीक, सगळं. शेवटी आवाज चढलाच.

"आई, मला तीन दिवस तरी या घरातून बाहेर पडायचं होतं."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, तू बोलत नव्हतीस, मला वाटलं काम बंद हाय. बोलतीस तेव्हा मी कधी हाक मारली का? आणि ते खरं होतं. माझ्या तोंडावर त्यांचं लक्ष असायचं. तोंड थांबलं की त्या यायच्या. माइक बंद करून ऐकणं हेही काम असतं, हे त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं. मग त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या,

"दिवसभर जगाला समजावून सांगतीस. मला एकदा सांगायचं व्हतं."

राग माझा होता, आणि शेवटी रडूही मलाच आलं.

ती जागा काही पुन्हा निघाली नाही. मी सरांना मेल करून ठेवला आहे, पुढे कधी लागलं तर मला आधी विचारा म्हणून. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी आहे तिथेच आहे, त्या खिडकीपुढे, आखूड वायरला बांधलेली. सासूबाई आता दारात येतात, वायर बघतात आणि परत जातात. तळलेल्या कुरडयांमध्ये अधूनमधून न फुललेला कडक खडा दाताखाली येतो, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही.

बिनवायरचा सेट पडून होता, तो त्यांनी मागून घेतला. फोनवर कीर्तनं ऐकायला. मी जोडून दिला, चार्जिंग शिकवलं. आता त्या डोक्यावर तो मुकुट घालून घरभर फिरतात.

परवा दुपारी सासऱ्यांनी बाल्कनीतून चहासाठी हाका मारल्या. एक, दोन, तीन. माझा कॉल नुकताच संपला होता, मी पाण्याला बाहेर आले. सासूबाई हॉलमध्ये खुर्चीवर, कानांवर सेट, डोळे मिटलेले. मला वाटलं, कीर्तनात रंगल्या. मग पाहिलं तर सेटचा दिवा विझलेला. चार्जिंगला लावायचा राहून गेला होता.

मी वाकून हळूच म्हटलं, "आई, हा बंद आहे."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मला म्हाईत हाय. ह्यांला कुठं म्हाईत हाय?"

सासरे पुटपुटत स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज यायला लागले. मी बाटली भरायला तिकडे निघाले, तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"साखर मागच्या डब्यात हाय," त्या कुजबुजल्या. "सांगू नको."

मी बाटली तशीच रिकामी घेऊन खोलीत परत आले आणि दार लावून घेतलं.