आंदणाची गादी

दुर्गाबाईंच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली होती आणि प्रत्येक माणसाला पायरी. घर वलगावच्या देशमुखांचे. जमीन काळी, कापूस भरघोस. यजमान जानराव १९५० सालच्या आषाढात वारले, तेव्हा दुर्गाबाई त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. तेराव्या दिवशी शय्यादान झाले. पलंग, गादी, उशी, छत्री, तांब्या आणि जोडे, मृताच्या सुखासाठी म्हणून जे जे द्यावयाचे ते सर्व भटजींच्या बैलबंडीत चढले, आणि त्याच रात्री दुर्गाबाईंनी जमिनीवर घोंगडी अंथरली. तसे करा म्हणून त्यांना कोणी सांगितले नव्हते. विधवेने गादीवर किंवा बाजेवर निजू नये हा त्या घराण्याचा रिवाज होता, आणि अंगावरचे दागिने उतरल्यानंतर मिरवण्याजोगा तेवढा एकच दागिना त्यांच्याजवळ उरला होता.

दोन वर्षांनी धाकटे दीर मोतीराम तापाने गेले. त्यांची पत्नी मनकर्णा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. पदरी मूल नव्हते. मोतीरामांचे अंथरूण-पांघरूणही रीतीप्रमाणे दानात गेले. मात्र मनकर्णेची स्वतःची एक गादी होती. अंजनगाव सुर्जीच्या तिच्या वडिलांनी ती लग्नात आंदण म्हणून दिली होती. निळ्या पट्ट्यांची जाड खोळ, आत हाताने निवडलेला कापूस, आणि चारी कडांना तिच्या आईने घातलेले बारीक दुहेरी टाके. चौदाव्या दिवशी रात्री मनकर्णेने ती जमिनीवर पसरली आणि तिच्यावर ती निजली. आपण निजतो ती जमीनच, असे तिने मनाशी धरले असावे.

सकाळी दुर्गाबाईंनी गादीची गुंडाळी केली, ती सुतळीने आवळून बांधली आणि गड्याकडून माळ्यावर टाकविली. त्यांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे.

"पाव्हण्यायच्या कामी येईन," त्या म्हणाल्या. "तुले मऊ लागत असन, त माहेरी जाय, मनकर्णे. या घरात रांडमुंड बाईनं मऊ निजाचं नाई."

मनकर्णा माहेरी गेली नाही. तिने घोंगडी घेतली आणि मोठ्या जावेपासून हातभर अंतरावर अंथरली. पुढे ती गादी खरोखरच पाहुण्यांच्या कामी आली. दुर्गाबाईंचा मुलगा किसनराव, त्याचे सासरे, म्हणजे दुर्गाबाईंचे व्याही, अकोल्याचे. ते मुक्कामाला आले की गादी खाली उतरे, आणि सकाळी आळस देत ते म्हणत, अशी झोप तर आपल्या घरीही लागत नाही. त्या वेळी मनकर्णा चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभी असे.

१९५७ सालच्या थंडीत दुर्गाबाईंच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. पहिल्याने जिना चढताना, मग बसून उठताना, आणि शेवटी निजलेल्या ठिकाणी. दिवसा कामाच्या नादात दुखणे दबून राही. रात्री अंग टेकले की ते आपले सारे देणे मागायला येऊन बसे. उजव्या कुशीवर वळावे तर कंबर धरे, डाव्या कुशीवर वळावे तर खालचा गुडघा जमिनीत रुतल्यासारखा ठणके. पहाटे बोटेही इतकी ताठत, की लुगड्याची गाठ बांधायला मनकर्णा लागे. झोप गेली तशी दुर्गाबाईंची शिस्तही कडवट झाली. ताकात मीठ चिमूटभर जास्त पडले म्हणून त्यांनी सुनेला, जमुनेला, चार बायकांदेखत पुन्हा ताक करायला लावले.

किसनरावाने त्यांना अमरावतीला एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर पुण्याकडचे होते. बोलणे मोजके, परंतु माणूस काळजीने तपासणारा. संधिवात आहे, तो जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण झोप मात्र परत आणता येईल, आणि झोप आली की दुखणेही काहीसे आटोक्यात राहील. गोळी जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी नव्हे. दिवेलागणीनंतर चहा नको. दुपारी लवंडू नये. थोडेथोडे चालत राहावे. निजण्यापूर्वी सांधे शेकावेत, आणि कुशीवर निजताना दोन गुडघ्यांच्या मध्ये कापडाची वळकटी ठेवावी. सगळ्यांत शेवटी ते म्हणाले, "जमीन सोडा. झोळ पडलेली बाजही नको. फळीवर एक चांगली कापसाची गादी घाला. अर्धे औषध तेच आहे."

दुर्गाबाईंनी हे नियम एखाद्या व्रतासारखे अंगीकारले. चहा सुटला, दुपारची झोप सुटली. तिन्हीसांजेनंतर मनकर्णा तिळाच्या तेलात निर्गुडीचा पाला कढवी, ते तेल जावेच्या गुडघ्यांना चोळी, आणि चुलीत तापविलेली वीट फडक्यात गुंडाळून त्यांच्या पायांशी ठेवी. जानरावांच्या जुन्या धोतराची वळकटी झाली. डॉक्टरांचे सारे सांगणे पाळले गेले, एक सोडून. माळ्यावरची गादी काढू का, असे किसनरावाने दोनदा विचारले. या वयात मले बाटवतं का, असे म्हणून दुर्गाबाईंनी त्याला गप्प केले. दोन्ही वेळा मनकर्णा तेलाची वाटी घेऊन जवळच बसलेली होती, आणि दोन्ही वेळा दुर्गाबाईंनी तिच्याकडे पाहिले नाही.

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात कापूस घरात आला. वऱ्हाडातल्या रीतीप्रमाणे मागची खोली आढ्यापर्यंत भरली. एके दिवशी ढीग किती दबला हे पाहायला दुर्गाबाई आत गेल्या आणि गुडघा लचकला म्हणून ढिगावरच बसल्या. बसल्या त्या कलंडल्या. कापूस त्यांच्या अंगाखाली सावकाश दबला. कमरेला, गुडघ्याला, खांद्याला ज्याची त्याची जागा मिळाली, आणि खालून माणसाच्या अंगासारखी ऊब आली. तासाभराने जमुना शोधीत आली तेव्हा सासूबाई घोरत होत्या.

त्याच दिवशी त्यांनी जाहीर केले की गावात कापसाच्या चोऱ्या होत आहेत, गडी बिड्या ओढतात, तेव्हा राखणीला घरचे माणूस हवे. आपण मागच्या खोलीत निजू. कापूस म्हणजे गादी नव्हे. रिवाजात त्याचा उल्लेख नव्हता. कापसाने अंगाला खाज सुटे, पण खाजेने माणूस चुळबुळतो आणि दुखण्याने जागा राहतो, एवढा फरक त्यांना कळत होता. कापूस विकला जाईपर्यंत त्या झोपत. फाल्गुनात खोली रिकामी झाली, की पुन्हा घोंगडी, पुन्हा ठणका, पुन्हा पहाटेची वाट. वर्षातले तीन महिने झोप आणि नऊ महिने जाग, असा हिशेब तीन वर्षे चालला.

चौथ्या वर्षी, १९६१ साली, त्यांच्याने तो सोसवेना. किसनरावाने बंड्या जुंपायची तयारी केली की त्या आडव्या येत. आज शुक्रवार, घरातली लक्ष्मी बाहेर काढू नये. उद्या अमावास्या. परवा दिशा वाईट. मग म्हणू लागल्या, भाव चढणार आहे. किसनराव आईच्या शब्दाबाहेर नव्हता. चैत्र उजाडला, ऊन तापले, ढीग पिवळसर पडू लागला, तेव्हा कुठे बंड्या अमरावतीच्या बाजाराला लागल्या.

तिथे पिवळा पडलेला माल पाहून अडत्याने पहिल्याच बंडीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस नाकाशी नेला आणि भोवतालच्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "देशमुख, कापूस आनला का वैद्याचं दुकान?"

लोक हसले. कापसाला निर्गुडीचा वास येत होता, आणि आत जागोजाग तेलाचे तपकिरी डाग पडलेले होते. सगळा माल शेवटच्या प्रतीत गेला. बापाच्या काळापासून ज्या घराचा कापूस न पाहता उचलला जाई, त्या घराच्या मालकाने बाजारात मान खाली घातली.

किसनराव घरी आला तो बाहेरूनच विचारीत. कापसात तेल कुणी सांडले? दुर्गाबाई ओसरीवर माळ ओढीत होत्या. त्यांची बोटे एका मण्यावर थांबली. कापसावर निजताना गुडघे तेलाने ओले असत, हे त्यांना ठाऊक होते, आणि मनकर्णेलाही. तेल मनकर्णा कढवते हे घरादाराला माहीत होते. आई रात्री कुठे निजते हे किसनरावाला माहीत होते, पण आईच्या हातून घराची नासाडी होईल हे त्याच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. तो काकूकडे वळला.

मनकर्णेने मोठ्या जावेकडे पाहिले. एखादा श्लोक म्हणून होईल इतका वेळ तिने वाट पाहिली. माळेचा मणी पुढे सरकला.

"माह्या हातून सांडलं असन," मनकर्णा म्हणाली.

किसनरावाने तिच्या कमरेची कोठीची किल्ली मागून घेतली आणि जमुनेच्या हाती दिली. त्या घरात मनकर्णेचे म्हणावे असे ती एक किल्ली सोडून काही नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मूठभर डाळ हवी तरी तिला सुनेपुढे उभे राहावे लागे; आणि तिन्हीसांजेला, काही न घडल्यासारखी, ती सुनेकडून तेल मागून आणी आणि जावेचे गुडघे चोळी. चार दिवस दुर्गाबाईंनी हे पाहिले. पाचव्या दिवशी भर दुपारी, जेवणे चालू असता, त्या किसनरावाला म्हणाल्या, "तेल माह्या गुडघ्याचं होतं. कापसावर मीच निजत होती. निजाले भेटावं म्हणून बंड्या मीच अडवल्या."

किसनरावाच्या हातातला घास हातातच राहिला. "अवो माय, मंग गादी काहून नाई घेतली? दोनदा इचारलं न तुले."

या वेळी दुर्गाबाईंनी मनकर्णेकडे पाहिले. या प्रश्नाचे उत्तर दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

किल्ली त्याच दिवशी परत निघाली. मनकर्णेने ती घेतली नाही. सुनेजवळच राहू द्या, एवढेच ती म्हणाली. गादी माळ्यावरून उतरली. पिंजाऱ्याने कापूस नव्याने पिंजला, सुताराने फळ्या ठोकल्या. अंथरायला मनकर्णा स्वतः आली. तिने कडा सारख्या केल्या, हाताने सुरकुत्या काढल्या. दुर्गाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुही वस्तू हाये, मनकर्णे. तू निज तिच्यावर."

"नाई बाई. नऊ वर्सं झाले. माह्या हाडायले आता जमीनच पुरते." मनकर्णेच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर दुर्गाबाईंना बरे वाटले असते. "तुमी निजा. कडंचे टाके मायनं घातले होते. पिंजाऱ्याले मी ते उसवू नाई देल्ले."

डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. गुडघे त्या रात्री गप्प राहिले. कंबर गप्प राहिली. दुर्गाबाई उजव्या कुशीवर वळल्या, वळकटी नीट बसली, आणि हाताच्या बोटांना कडेचे दुहेरी टाके लागले. हातभर अंतरावर, खाली, मनकर्णा गाढ झोपली होती. दुर्गाबाईंचा डोळा पहाटेपर्यंत लागला नाही. पुढे लागू लागला. माणसाला सगळ्याची सवय होते. पण अकोल्याचे व्याही जसे सकाळी सांगत, तसे 'झोप चांगली लागली' हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नाही.

१९६६ सालच्या पौषात त्या गेल्या. तेराव्या दिवशी शय्यादानाच्या वस्तू ओसरीवर मांडताना किसनराव गादीपाशी अडखळला. गादी तुमचीच, काकू, दानासाठी नवी आणतो, ही तुम्ही ठेवा, असे तो म्हणाला.

"त्या हिच्यावर निजत होत्या न? मंग हेच द्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बाईच्या घरात रीत मोडू नोका."

त्यांनी गादीची गुंडाळी केली, ती सुतळीने आवळून बांधली आणि भटजींच्या बंडीत ठेवविली. रात्री त्यांनी घोंगडी अंथरली. शेजारची जागा रिकामी होती. तरी त्यांनी हातभर अंतर सोडले.